पतसंस्था बुडाली तर भरायचं कुणी? सव्वाशे वर्षांची गोष्ट

महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी स्टँडपासून बाजारपेठेपर्यंत चालत गेलात तर वाटेत चार-पाच पतसंस्थांच्या पाट्या सहज दिसतात. कुणाच्या तरी नावाची नागरी, एखादी महिलांची, एखादी शिक्षकांची, एखादी व्यापाऱ्यांची. आत काउंटर, पासबुक, ठेवींच्या व्याजदराचा बोर्ड, म्हणजे दिसायला सगळं बँकेसारखंच, आणि घोळ तिथेच होतो. एखादी पतसंस्था अडचणीत आली की लोक पहिलं विचारतात की रिझर्व्ह बँक काय झोपली होती का, आणि खरी गोष्ट अशी की पतसंस्थेवर रिझर्व्ह बँकेचं थेट नियंत्रणच नसतं. मग जबाबदार कोण? हे नीट कळायला जरा मागे जावं लागतं, थेट १८७५ मध्ये.

१२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकरी सावकारांवर चालून गेले. नंतर हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यातल्या बऱ्याच गावांत पसरलं. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात, पण यात मारामारीपेक्षा जाळपोळ जास्त होती आणि जाळायचं काय हे लोकांना पक्कं ठाऊक होतं: सावकाराच्या वह्या आणि कर्जरोखे. कारण असं झालेलं की १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं होतं, तिकडचा कापूस यायचा बंद झाला आणि इकडच्या कापसाला तेजी आली, सावकारांनी सढळ हाताने कर्जं वाटली, मग युद्ध संपलं, भाव आपटले, त्यात सरकारने शेतसारा वाढवून ठेवलेला, आणि सावकाराने हात आखडता घेतला. जमिनी चालल्या. कोर्टात गेलं तर कोर्ट रोख्यावरचा आकडा बघणार, तो आकडा तिथपर्यंत कसा चढला हे कोण विचारतंय.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन कृषक मदत कायदा आणला. कोर्टाला रोख्याच्या मागे जाऊन हिशोब तपासायची मुभा मिळाली, हप्ते बांधून देता येऊ लागले. चांगलंच झालं म्हणा, पण सावकाराला लगाम घातल्याने शेतकऱ्याच्या हातात पेरणीला पैसे येत नाहीत ना. बियाणं, बैल, लग्न, आजारपण, सगळ्याला पैसा तर लागणारच. तो दुसरीकडून येणार कुठून? न्यायमूर्ती रानडे आणि ब्रिटिश अधिकारी विल्यम वेडरबर्न यांनी १८८० च्या दशकात कृषी बँकेची योजना मांडली होती, ती वरच्या पातळीवर बारगळली. पुढे मद्रास सरकारने फ्रेडरिक निकोल्सन नावाच्या अधिकाऱ्याला युरोपात अशा बँका कशा चालतात याचा अभ्यास करायला लावलं आणि त्याने १८९० च्या दशकात जाडजूड अहवाल दिला. त्याचा मथितार्थ दोन शब्दांचा होता: रायफायझन शोधा.

हा रायफायझन म्हणजे जर्मनीतल्या एका गावचा मेयर. त्याची कल्पना अगदी साधी होती आणि आजच्या नजरेने बघितली तर भयंकरही. गावातल्या गरीब माणसाकडे तारण नाही म्हणून त्याला कुणी कर्ज देत नाही, बरोबर? मग गावातल्या सगळ्यांनी मिळून एक संस्था काढायची आणि संस्थेने बाहेरून पैसे उचलायचे. आणि ते पैसे बुडाले तर प्रत्येक सभासद आपल्या घरादारासकट जबाबदार. याला अमर्याद जबाबदारी म्हणतात. तुम्ही दहा रुपये भरले असतील पण संस्था हजाराला बुडाली तर तुमच्याकडून शेवटच्या पैपर्यंत वसूल होऊ शकतं.

१९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा याच पायावर उभा राहिला. कुठल्याही दहा जणांनी एकत्र यायचं. ग्रामीण संस्था असेल तर पाचातले चार सभासद शेतकरी हवेत आणि जबाबदारी अमर्याद. नफा वाटून खायचा नाही, तो राखीव निधीत टाकायचा. शहरी संस्थांना मात्र सवलत होती, जबाबदारी मर्यादित ठेवायची का अमर्याद हे त्यांनी ठरवायचं, आणि नफ्याचा चौथा हिस्सा राखीव निधीत टाकून बाकीचा वाटता यायचा. हा चौथा हिस्सा लक्षात ठेवा, आजच्या महाराष्ट्राच्या कायद्यातही तो तसाच आहे.

तसं बघितलं तर कायद्याच्या आधीही लोकांनी आपापल्या परीने सुरुवात केलेली होती. बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांनी १८८९ मध्ये अन्योन्य सहाय्यकारी मंडळी काढली, कायदा यायच्या पंधरा वर्षं आधी, आणि ती प्रामुख्याने तिथल्या मध्यमवर्गीय मराठी कुटुंबांची होती. कायदा आल्यावर १९०५ मध्ये गदगजवळच्या कणगिनहाळला सिद्धनगौडा पाटलांनी शेतकऱ्यांची पहिली संस्था काढली. ते गाव तेव्हा मुंबई इलाख्यातच होतं. १९०६ ला पुण्यात कॉसमॉस, त्याच वर्षी मुंबईत शामराव विठ्ठल, १९१८ ला सारस्वत. आज ज्या मोठ्या बँका म्हणून ओळखल्या जातात त्यांची सुरुवात अशीच ओळखीपाळखीच्या माणसांच्या छोट्या पतपेढीतून झालेली आहे.

आता अमर्याद जबाबदारीवर थोडं थांबू, कारण माझ्या मते पतसंस्थेची सगळी गंमत आणि सगळं दुखणं इथेच आहे. समजा १९१० च्या सुमाराचं एक गाव आहे, पंधरा सभासद बसलेत आणि एकाने बैलजोडीसाठी कर्ज मागितलंय. त्याने अर्जात काय लिहिलंय याला फारशी किंमत नाही, कारण सगळ्यांना माहितीये की त्याची विहीर मे महिन्यात आटते, धाकटा भाऊ कामाला लागत नाही, आणि मागच्या वर्षी त्याने "बैलासाठी" म्हणून घेतलेले पैसे लग्नात गेले. हे सगळं माहिती असून होकार दिला आणि त्याने बुडवलं तर भरणार हे पंधरा जणच. म्हणून कर्ज देताना माणूस तोंड बघून देणार नाही, आणि दिल्यावर बैल खरंच आले का हेही गोठ्यात डोकावून बघणार. ऑडिटर, क्रेडिट स्कोअर, रिकव्हरी एजंट, ही सगळी कामं शेजारीच फुकटात करतायत.

कागदावर झकास. प्रत्यक्षात दोन गोष्टी आडव्या आल्या. एक तर गावातला ज्याच्याकडे खरंच काही होतं तो माणूस सभासदच व्हायला कचरायचा, कारण दुसऱ्याच्या कर्जापायी आपली जमीन कशाला अडकवा. म्हणजे अमर्याद जबाबदारी घेणारे बहुतेक असेच की ज्यांच्याकडे वसूल करण्यासारखं काही नाही! दुसरं म्हणजे शेजाऱ्यावर जप्ती आणायला कुणी तयार होत नाही, उद्या त्याच्याच बांधावरून जायचंय. त्यात १९२९ नंतरची जागतिक मंदी आली, शेतमालाचे भाव कोसळले आणि थकबाकी साचत गेली.

स्वातंत्र्यानंतर ग्रामीण कर्जाची देशभर पाहणी झाली. गोरवाला समितीचा अहवाल १९५४ ला आला आणि त्यातला आकडा धक्कादायक होता: १९५१-५२ मध्ये शेतकऱ्याने काढलेल्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम ३ टक्के, आणि सावकारांचा सुमारे ७० टक्के. पन्नास वर्षं कायदा असून ही अवस्था. समितीने उपाय सुचवला की सरकारने स्वतः भांडवल घालून भागीदार व्हावं आणि संस्था मोठ्या कराव्यात, आणि हळूहळू जबाबदारीही मर्यादित होत गेली, म्हणजे संस्था बुडाली तर सभासदाचं नुकसान फक्त त्याच्या शेअरपुरतं. हे सगळं त्या काळाला धरूनच होतं. सरकारचा पैसा आला नसता तर गावोगावच्या विकास सोसायट्या आणि जिल्हा बँका उभ्याच राहिल्या नसत्या. पण एक गोष्ट तेव्हापासून बदलली ती बदललीच: कर्जाला होकार देणारा आणि बुडाल्यावर भरणारा, हे दोघं वेगवेगळे झाले.

इथे एक फरक सांगून टाकतो कारण लोक हमखास गल्लत करतात. गावातली "सोसायटी" म्हणजे विविध कार्यकारी सोसायटी, ती जिल्हा बँकेकडून पैसे उचलून पीककर्ज देते आणि जिल्हा बँकेच्या वर राज्य सहकारी बँक असते. पतसंस्था ही वेगळी, तिच्यामागे अशी उतरंड नाही, ती लोकांच्या ठेवी घेते आणि त्यातूनच कर्जं देते. नोकरदारांची पतसंस्था त्यातही वेगळी, तिथे हप्ता परस्पर पगारातून कापला जातो त्यामुळे ती सहसा निवांत असते. आणि अर्बन बँक, म्हणजे शहरी सहकारी बँक, ही चौथी.

पतसंस्था आणि अर्बन बँक यांचे रस्ते वेगळे झाले १९६६ मध्ये. १ मार्च १९६६ पासून बँकिंग कायदा सहकारी बँकांना लागू झाला, लायसन्स आणि तपासणी रिझर्व्ह बँकेकडे गेली. आता बँकिंग म्हणजे काय, तर जनतेकडून ठेवी घेऊन त्या कर्जाऊ देणं किंवा गुंतवणं. पतसंस्था म्हणते आम्ही जनतेकडून घेतच नाही, आम्ही फक्त आमच्या सभासदांकडून घेतो. बस, या एका वाक्यावर ती रिझर्व्ह बँकेच्या कक्षेबाहेर राहिली आणि राज्याच्या सहकार खात्याकडे गेली, महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खाली. निबंधक, उपनिबंधक, सहाय्यक निबंधक ही ती साखळी. (मल्टिस्टेट, म्हणजे एकाहून जास्त राज्यांत काम करणारी असेल तर तीही नाही, मग निबंधक थेट दिल्लीतला.)

बरं, सभासदांकडूनच ठेवी घ्यायच्या तर ठेवी वाढणार कशा? त्यावर जो तोडगा निघाला त्याचं नाव नाममात्र सभासद. तुम्ही एफडी करायला जाता, काउंटरवरची मॅडम दोन-तीन फॉर्म पुढे करते, "इथे सही, इथे सही आणि इथे", त्यातला एक फॉर्म सभासदत्वाचा असतो आणि किरकोळ फी कापलेली असते. झालात तुम्ही सभासद! मत नाही, लाभांश नाही, निवडणुकीला उभं राहायचा हक्क नाही. मूळ कल्पनेत सभासद म्हणजे जो कर्जदाराला ओळखतो, ठरवतो आणि भरतो तो माणूस. नाममात्र सभासद यातलं काहीच करत नाही, फक्त पैसे ठेवतो. माझं स्पष्ट मत आहे की पतसंस्थेचा आत्मा जर कुठे हरवला असेल तर तो या फॉर्मच्या गठ्ठ्यात.

विम्याचं तर विचारूच नका. बँकेतल्या ठेवींना विमा आहे, आधी १ लाखापर्यंत होता, ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाखांपर्यंत, आणि सहकारी बँकाही त्यात येतात. पतसंस्था येत नाही. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये पीएमसी या सहकारी बँकेवर निर्बंध आले आणि खातेदाराला आधी फक्त १ हजार रुपये काढायची परवानगी होती तेव्हा केवढा गहजब झाला होता आठवतंय ना, पण तिथे निदान विमा होता आणि शेवटी २०२२ मध्ये ती दुसऱ्या बँकेत विलीन तरी झाली. पतसंस्थेच्या ठेवीदाराला असं छत्र नाही. दर मात्र बँकेपेक्षा टक्का-दीड टक्का जास्त मिळतो, आणि तो जास्तीचा दर याच धोक्याचा आहे हे काउंटरवर कुणी सांगत नाही.

आता हिशोब बघू, घाबरू नका, सोपा आहे. समजा एका पतसंस्थेकडे एकूण १०० रुपये आहेत. त्यातले ७ सभासदांच्या शेअरचे, ५ राखीव निधीचे, म्हणजे स्वतःचे १२. उरलेले ८८ लोकांच्या ठेवी. या १०० मधले ७० कर्जात गेलेत, २५ दुसऱ्या बँकेत गुंतवलेत आणि ५ रोख. ठेवीवर ९ टक्के देते, कर्जावर १४ टक्के घेते, मधल्या फरकात पगार, भाडं, पिग्मी (रोजची छोटी ठेव) गोळा करणाऱ्या एजंटचं कमिशन आणि जमलं तर नफा. आता ७० च्या कर्जातले १२ रुपये कायमचे बुडाले, म्हणजे साधारण सहातला एक रुपया, तर स्वतःचे १२ साफ. तेरावा रुपया बुडाला की तो ठेवीदाराचा. इतकंच आहे हे. पण ठेवीदाराला हे दिसत नाही कारण व्याज वेळेवर मिळतंय, आणि व्याज नव्या ठेवींतूनही देता येतं.

मग बुडीत कर्ज लपवायचं कसं, तर नवं-जुनं करून. जुनं कर्ज थकलं की त्याच माणसाच्या, नाहीतर त्याच्या बायकोच्या किंवा भावाच्या नावावर नवं कर्ज टाकायचं आणि त्यातून जुनं भरून घ्यायचं. पैसा जागचा हलत नाही पण वहीत वसुली शंभर टक्के. मार्चएंडला हे जोरात चालतं. थकबाकीच्या टक्केवारीवर ऑडिटचा वर्ग अवलंबून असतो, आणि 'अ' वर्ग मिळाला की तो बाहेरच्या बोर्डवर मोठ्या अक्षरात लागतो, त्याकडे बघून पुन्हा ठेवी येतात.

हे वाचून सगळ्याच पतसंस्था चोर असं वाटायला नको, तसं अजिबात नाही. पिग्मीचंच घ्या. ही कल्पना १९२८ ची, उडुपीच्या टी. एम. ए. पै यांच्या बँकेने, म्हणजे पुढची सिंडिकेट बँक, रोज दारात जाऊन दोन आणे गोळा करायला सुरुवात केली. आज संध्याकाळी बाजारपेठेत बघा, एजंट छोटं मशीन घेऊन दुकानादुकानात फिरत असतो, कुणी ५०, कुणी २००, पावती निघते आणि तो पुढे जातो. चहाच्या टपरीवाल्याला बँकेत जायला वेळ नाही आणि महिन्याचे एकदम दोन हजार बाजूला पडत नाहीत, रोजचे मात्र पडतात. शिवाय त्या एजंटला जे कळतं ते कुठल्याच सॉफ्टवेअरला कळत नाही: कुणाचं शटर हल्ली उशिरा उघडतं, कुणी पंधरा दिवस "उद्या या" म्हणतंय, कुणाच्या गल्ल्यावर मुलगा बसायला लागल्यापासून धंदा बसलाय. १९१० च्या त्या गावातली शेजाऱ्याची नजर आज फक्त या माणसाकडे उरलीये. ज्या पतसंस्थेचा मॅनेजर कर्ज देण्याआधी पिग्मी एजंटला विचारतो ती सहसा बुडत नाही. अडचण अशी की मोठी कर्जं तो फिरतो त्या गल्लीत जातच नाहीत, ती जातात प्लॉटिंगवाल्याला, नाहीतर संचालकाच्या पाहुण्याला.

वसुलीचे अधिकार तसे भरपूर आहेत. त्या १९६० च्या अधिनियमाच्या कलम १०१ खाली निबंधकाकडून वसुली दाखला मिळतो, दिवाणी कोर्टात वर्षानुवर्षं खेटे घालायची गरज नाही, आणि मग १५६ खाली वसुली अधिकारी जप्तीपर्यंत जाऊ शकतो. जामीनदारही तितकाच अडकतो, मित्राखातर सही केलेल्या किती लोकांना हे नोटीस आल्यावर कळतं! पण अधिकार वापरणारा चेअरमन आणि थकबाकीदार एकाच पॅनलचे असले तर दाखला फाइलमध्येच राहतो.

आणि एकदा कुजबूज सुरू झाली की चांगली संस्थाही टिकत नाही, वरच्या हिशोबात बघा ना, हातात रोख ५ आणि गुंतवलेले २५ आहेत, ठेवीदारांनी ३१ मागितले की शटर बंद. कर्जं खरी आणि वसूल होणारी असली तरी ती उद्या सकाळी परत येत नाहीत. २००० नंतरच्या दशकात जळगाव भागात एकामागून एक पतसंस्था अडकल्या तेव्हा लोकांनी हे जवळून बघितलं, लग्नासाठी ठेवलेले पैसे, रिटायरमेंटचे पैसे, सगळं अडकून पडलं. मग प्रशासक येतो, पुढे अवसायक, म्हणजे संस्था गुंडाळणारा अधिकारी येतो, कर्जं वसूल होतील तसे पैसे मिळतात, आधी छोट्या रकमा, मग बाकीच्या, आणि यात वर्षं जातात.

तर मग भरायचं कुणी? कायदा म्हणतो संचालकांनी. निवडून आल्यावर प्रत्येक संचालकाला एम-२० नावाचा बंधपत्राचा नमुना भरून द्यावा लागतो, की मंडळाच्या निर्णयांना मी वैयक्तिक आणि सामूहिक जबाबदार आहे. नुकसान झालं तर कलम ८८ खाली चौकशी होऊन ते संचालकांवर निश्चित करता येतं. म्हणजे १९०४ ची ती घरादारासकटची जबाबदारी गेली नाहीये, सगळ्या सभासदांच्या गळ्यातून निघून दहा-पंधरा संचालकांच्या गळ्यात आलीये. पण ८८ ची चौकशी, मग अपील, मग हायकोर्ट, तोवर मालमत्ता कुणाच्या तरी नावावर झालेली असते. आणि गंमत म्हणजे बऱ्याच संचालकांना आपण असं काही लिहून दिलंय हेच आठवत नाही, सत्काराच्या हारतुऱ्यात ती सही होऊन जाते.

ठेवीदाराच्या हातात एक गोष्ट मात्र आहे. आर्थिक वर्ष संपल्यावर सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत वार्षिक सभा घ्यावीच लागते आणि त्याआधी अहवाल छापतात. लोक त्यातला चेअरमनचा फोटो आणि लाभांशाचा टक्का बघून अहवाल रद्दीत टाकतात. लाभांश सोडा, त्याला कायद्याने १५ टक्क्यांची मर्यादा आहेच. तीन आकडे शोधा. राखीव निधी ठेवींच्या मानाने किती आहे, थकीत कर्ज किती आणि त्यासाठी तरतूद किती केलीये, आणि तिसरा, संचालक आणि त्यांच्या कुटुंबीयांना दिलेली कर्जं. हे तिसरं विवरण सभेपुढे ठेवणं समितीला बंधनकारक आहे, कलम ७५ मध्ये आहे ते. ते बहुतेक शेवटच्या पानांवर बारीक टाइपात असतं. नसेल तर ऑफिसात जाऊन मागा, आणि मागितल्यावर मॅनेजर काय म्हणतो ते नीट ऐका.